योगायोगाचेही नियम



आमच्या डोंबिवलीत अजूनही कितीतरी घरांत स्थळ सांगून आलं की आधी पत्रिका मागतात. चांगल्या शिकल्यासवरल्या घरांतसुद्धा. ज्योतिषाचं एखादं भाकीत खरं ठरलं की ते वर्षानुवर्षं सांगितलं जातं. चुकलेली भाकितं मात्र कुणी मोजत नाही. ती मोजणारा एक प्रयोग २००८ साली पुण्यात झाला, आणि मला तो फार मोलाचा वाटतो.

डॉ. जयंत नारळीकर, संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी तो केला. एकूण २०० पत्रिका होत्या. १०० हुशार शाळकरी मुलांच्या, १०० बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या. प्रत्येक ज्योतिषाला ४० पत्रिका पाठवायच्या. कोणती पत्रिका कोणत्या गटातली, एवढंच त्यानं सांगायचं. २७ जणांची उत्तरं आली. सरासरी यश ४६ टक्के. एका ज्योतिष संस्थेनं तर सगळ्या २०० पत्रिका पाहिल्या. १०२ बरोबर आल्या.

उत्तीर्ण ठरायला ४० पैकी २८ बरोबर यायला हव्यात, असा निकष होता. २८ च का? नाणं घ्या आणि ४० वेळा उडवा. साधारण २० छापे येतील. १७ आले, २३ आले तरी नवल नाही. मध्येच सलग चार-पाच काटे पडतील, तेही नेहमीचंच. पण २८ किंवा त्याहून जास्त छापे नुसत्या योगायोगानं येण्याची शक्यता शंभरात एकापेक्षाही कमी. या प्रयोगात सर्वांत जास्त गुण पडले २४. आता २७ माणसांनी नुसती नाणी उडवली असती, तरी त्यातले दोन-चार जण २४ पर्यंत सहज पोचले असते. अशाच एकाची कीर्ती मग गावभर होते!

योगायोग म्हणजे बेबंदशाही, असा आपला समज असतो. तो मला पटत नाही. डोंबिवली स्टेशनवर सकाळी येणारा प्रत्येक जण आपापल्या कारणानं घरातून निघतो. उद्या अमुक एक माणूस येईल की नाही, सांगता येणार नाही. फलाट मात्र भरणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

तरी माणसाला निघायला काही कारण असतं. अणूच्या बाबतीत तेवढंही सापडत नाही. थायरॉइडच्या उपचारात किरणोत्सारी आयोडीन देतात. त्यातला एखादा अणू या क्षणी फुटेल की महिन्याभरानं, ते कुणालाच सांगता येत नाही. आपली मोजमापं कमी पडतात म्हणून नव्हे. क्वांटम सिद्धांतानुसार ती वेळ आधी ठरलेलीच नसते. आइनस्टाइन यांना हे अखेरपर्यंत रुचलं नाही. त्यांची हरकत थोर होती, कारण तिच्यातूनच पुढचे नेमके प्रयोग सुचले. त्या प्रयोगांसाठी २०२२ चं नोबेल दिलं गेलं, आणि कौल क्वांटम सिद्धांताच्या बाजूनं पडला.

असं असूनही त्या आयोडीनचे निम्मे अणू सुमारे ८ दिवसांत फुटतात. ठाण्यात मोजा, टोकियोत मोजा. याच आकड्याच्या भरवशावर डॉक्टर मात्रा ठरवतात आणि रुग्णानं लहान मुलांपासून किती दिवस लांब राहायचं, ते सांगतात.