व्हर्जनची एक्सपायरी डेट

आज पनवेलहून बोलतोय, म्हणजे सुरुवात मेगाब्लॉकनेच करायला हवी.

हार्बर लाइनवर रविवारी ब्लॉक असला की वैताग येतोच. पण आधी कळलेलं असतं, म्हणून आपण एसटी धरतो किंवा काम शनिवारीच उरकतो. न सांगता गाडी बंद झाली तर? माझ्या पहिल्या नोकरीत आम्ही नेमकं तेच केलं होतं.

बीटेक संपवून मी दुकानांच्या बिलिंग सॉफ्टवेअरवर काम करायचो. टीम चार जणांची, आणि दर महिन्याला नवं व्हर्जन. कोणी जुनं वापरतंय, कोणी नवं. एक बग सापडला की तो पाच-सहा व्हर्जनमध्ये दुरुस्त करा! शेवटी कंटाळून आम्ही जुन्यांचा सपोर्ट बंद केला. कळवलं कोणालाच नाही.

दिवाळीच्या तोंडावर इथल्याच एका मेडिकलवाल्या काकांचा फोन. बिल निघत नव्हतं, दुकानात गर्दी. मी धावत गेलो, तर काका हाताने बिलं लिहीत होते. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "अरे, गोळ्यांच्या पट्टीवर एक्सपायरी छापलेली असते. तुमच्या सॉफ्टवेअरवर का नसते?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

खरं तर उत्तर आधीपासून होतं. उबुंटू बघा. २४.०४ म्हणजे २०२४ चा एप्रिल, नावातच तारीख. दर दोन वर्षांनी एक एलटीएस, म्हणजे लाँग टर्म सपोर्टवालं व्हर्जन, त्याला पाच वर्षं अपडेट्स. मधल्या व्हर्जनना फक्त नऊ महिने. हौशी माणसाने मधलं घ्यावं, दुकानदाराने एलटीएस. पायथन २ चा शेवट आधी २०१५ ला ठरला होता. लोकांची तयारी नाही हे पाहून तो २०२० वर नेला, पण तेही २०१४ मध्येच जाहीर केलं.

मग आम्हीही नियम केले. वर्षाला दोनच रिलीज. त्यातलं एक एलटीएस, त्यात फक्त बग आणि सिक्युरिटीची दुरुस्ती, नवं फीचर नाही. दिवाळीत आणि मार्चअखेरीला काहीही बदलायचं नाही. फीचर वेळेत झालं नाही तर ते पुढच्या गाडीने जाईल, तारीख हलणार नाही. आणि सपोर्ट कधी संपणार, ते लॉगिन स्क्रीनवरच लिहायचं.

फीचर मागे ठेवताना जीवावर येतं, खोटं नाही सांगत. पण सपोर्टची तारीख म्हणजे समोरच्याला दिलेला शब्द असतो.

आता एक काम करा. फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन शेवटच्या सिक्युरिटी अपडेटची तारीख बघा. मग आईबाबांचाही फोन बघा. ते त्यावरूनच यूपीआय करतात ना? तारीख दोन-तीन वर्षांपूर्वीची निघाली, तर पट्टीवरची एक्सपायरी उलटलीय असं समजा.

चला, भेटू पुढच्या भागात!