लिहून घेणारा माणूस



संतांची नावं आपल्याला तोंडपाठ असतात. त्यांचं बोलणं कागदावर कोणी उतरवलं, असं विचारलं की आपण अडखळतो. जनाबाई अडखळली नाही. तिच्या नावावरच्या एका अभंगात या लेखकांची यादीच आहे. ज्ञानदेवांचे अभंग सच्चिदानंद बाबांनी लिहिले, निवृत्तीनाथांचे सोपानदेवांनी, मुक्ताईचे खुद्द ज्ञानदेवांनी, सावतोबांचे काशिबा गुरवानं, चोखोबांचे अनंतभट्टानं. आणि जनीचे? प्रत्यक्ष पांडुरंगानं! जनाबाई गंगाखेडची. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तोवर तिचं गाव आणि आपलं सेनगाव एकाच परभणी जिल्ह्यात होतं. या यादीला इतिहासाचा पुरावा म्हणून किती वजन द्यायचं, ते अभ्यासक ठरवतील. लिहून घेणाऱ्याचंही नाव घ्यावं, ही जाण मला मोठी वाटते.

इथून जवळच नरसी आहे, नामदेवरायांचं. त्यांची ६१ पदं शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. १६०४ मध्ये त्याचं मूळ रूप असलेला आदिग्रंथ सिद्ध झाला, तेव्हा गुरू अर्जनदेव सांगत गेले आणि भाई गुरदास गुरुमुखीत लिहीत गेले. नामदेवांचे शब्द पंजाबात शेकडो वर्षं टिकले, त्यात त्या लेखणीचाही वाटा आहे.

पण नुसतं लिहून भागत नाही. खरं कसं लिहावं, याचा धडा म्हाइंभटांनी घालून दिला. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या पश्चात त्यांचे शिष्य नागदेवाचार्य रिद्धपूरला स्वामींच्या आठवणी काढत बसत. म्हाइंभटांना वाटलं, हे सगळं लिहून ठेवलं पाहिजे. मग ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिलं, ऐकलं होतं, त्यांना गाठून त्यांनी एकेक लीळा मिळवली आणि ती नागदेवाचार्यांकडून तपासून घेतली. त्यातून १२७८ च्या सुमारास ‘लीळाचरित्र’ उभं राहिलं. पुढं धामधुमीत मूळ प्रत गेली. अनुयायांनी आठवणीतून ग्रंथ पुन्हा बांधला, तेव्हा एकाची आठवण दुसऱ्याशी जुळेना. त्यांनी काय करावं? अमक्याच्या मते असं, तमक्याच्या मते तसं, अशी नावानिशी नोंद ठेवली. एकच पाठ ठेवून बाकीचे पुसून टाकणं सोपं होतं. त्यांनी ते केलं नाही.

आता ग्रंथातून ठाण्यात येऊ. कोणी तोंडी फिर्याद दिली, तर ती पोलिसांनी लिहून घ्यायची, फिर्यादीला वाचून दाखवायची, मग त्याची सही घ्यायची आणि त्याला एक प्रत फुकट द्यायची. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हे आहे, आणि जुन्या कायद्यातही होतं. या साऱ्यात ‘वाचून दाखवायची’ हे सर्वांत महत्त्वाचं.

का, ते सांगतो. समजा, आपल्याकडचा एखादा शेतकरी म्हणाला, “साहेब, मी शेतात जायलो व्हतो, तवा ते भांडण दिसलं.” लिहिणारा परमुलखातला. त्यानं भाषा ‘शुद्ध’ केली आणि लिहिलं, ‘मी शेतात गेलो होतो.’ झालं! माणूस वाटेवर होता, कागदानं त्याला शेतात नेऊन उभा केला. उद्या कोर्टात वकील विचारणार, शेतातून तुम्हाला रस्त्यावरचं भांडण कसं दिसलं? साक्षीदार खोटा ठरतो आणि त्याला कळतही नाही की आपलं काय चुकलं. “जायलो व्हतो म्हणजे जात होतो ना?” एवढं त्याच वेळी विचारलं असतं, तर भागलं असतं. म्हणून कागद कोणीही लिहो, वाचून दाखवल्याशिवाय अंगठा उठवू नका. तपासातल्या साक्षीदाराच्या जबाबावर तर कायद्यानं सहीच घेत नाहीत. तिथं लिहिणाऱ्याची जबाबदारी दुप्पट.

आता कोणी म्हणेल, मोबाइल आहे की! बोललं की अक्षरं उमटतात. उमटतात खरी, पण आपली बोली त्याला नीट उमगेलच असं नाही, आणि जे उमगत नाही तिथं तो अंदाजानं काहीतरी बसवतो. तो मजकूर कच्चा समजावा. ध्वनिमुद्रण जपून ठेवावं आणि माणसानं कान देऊन अक्षर न् अक्षर ताडून पाहावं.

हेमा राईरकर आणि गी पोइटवाँ या जोडीनं नेमका हाच कष्टाचा मार्ग धरला. खेडोपाडी फिरून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बायकांकडून जात्यावरच्या ओव्या मिळवल्या. गाणारणीचं नाव, तिचं गाव, तिचे शब्द, सगळं नोंदवलं. एक लाखाहून अधिक ओव्या त्यामुळं वाचल्या. प्रमाण मराठीत बसत नाही म्हणून ‘व्हती’चं ‘होती’ केलं असतं, तर ओवीचा ठेका मोडला असता आणि बाईही हरवली असती.

सेनगाव तालुक्यात अजून घराघरांत ओव्या, वाक्प्रचार, दुष्काळाच्या आणि रझाकारांच्या काळातल्या आठवणी सांगणारी म्हातारी माणसं आहेत. मुलांनो, या सुट्टीत एकेकाजवळ बसा. ते बोलतील तसंच लिहा. जिथं कळलं नाही तिथं जागा कोरी सोडा आणि दुसऱ्या दिवशी विचारा. लिहून झालं की मोठ्यानं वाचून दाखवा. आजी म्हणाली, “न्हाई बा, मी असं न्हाई म्हणलं,” तर खोडा. मग खाली तिचं नाव, गाव, तारीख आणि लिहून घेणारा म्हणून तुमचंही नाव घाला. तो तुमचा हक्क आहे, आणि काही चुकलं तर जाब कोणाला विचारायचा, तेही त्यातून ठरतं.