वस्तऱ्याचा शेवटचा निसणा
(कारागीर बंधुभगिनींपुढें केलेलें भाषण)



वस्तऱ्याला शेवटची धार देणारा निसणा कसा निवडावा, एवढ्याच विषयावर आम्ही आज बोलणार आहों. विषय लहान दिसतो. पण गालाची आग आणि कारागिराचा पैसा, दोन्ही त्यावर अवलंबून आहेत.

अंधेरी, घाटकोपर, मुलुंड ह्या आपल्या भागांत दगडाला तोटा नाहीं. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी म्हणजे सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्हारसाचे उभे खांब. असला काळा दगड पाट्याला नि जात्याला उत्तम, कारण टांकी लावली कीं तो खरखरीत होतो. वस्तऱ्याला मात्र तो नको. त्यांत कठीण नि मऊ कण मिसळलेले असतात, आणि एखादा जाड कण नाजूक धारेंत खांच पाडतो.

म्हणून दगड एकजात बारीक कणांचा हवा. बेल्जममधील पिवळ्या दगडांत गार्नेटचे अतिसूक्ष्म कण असतात. अमेरिकेंतील आर्कान्सा दगड जवळजवळ शुद्ध गारेचा असतो. जपानांत क्योतोजवळचे दगड प्रसिद्ध आहेत. कारखान्यांत केलेले दगडही चांगले. त्यांवर आंकडा असतो. आंकडा मोठा तितका कण बारीक. १००० चा दगड धार बसवावयास, ८००० चा किंवा पुढचा शेवटच्या हातासाठीं.

पण नांवाला भुलून पैसे मोजूं नका. दुकानदार परदेशी नांव सांगेल, तुम्ही दगड हातीं घ्या. पाणी लावून नख फिरवा. कोठें अडलें, तर तो परत करा. पट्टी ठेवून तोंड सपाट आहे कीं नाहीं पाहा. जमल्यास जुन्या वस्तऱ्यावर दहावीस हलके हात मारा. पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेलीं, चाल धारेकडून. मग भिंगानें पाहा. सारखी बारीक झांक दिसली तर ठीक. एकटीदुकटी खोल रेघ दिसली तर दगड वाईट. एकदां तेल लावलेल्या दगडावर पुन्हां पाणी चालत नाहीं, हेंही ध्यानांत ठेवा.

मुळांत बोथट वस्तरा शेवटच्या दगडानें सुधारत नाहीं. आधीं जाड दगडच पाहिजे. आणि अखेर चामोटें, त्यावर चाल पाठीकडून.

आणखी एक गोष्ट. कितीही उत्तम निसणा रोगजंतु मारीत नाहीं. कावीळ ब आणि एड्स यांचे विषाणु रक्तावाटें पसरतात. म्हणून दुकानांत प्रत्येक गिऱ्हाइकास नवें पातें. निसण्यावरचा वस्तरा एकाच माणसाचा असावा.

कोणी म्हणेल, ही हलकी विद्या. आम्ही म्हणतों, जी विद्या डोळ्यांनीं पारखतां येते आणि हातानें सिद्ध करतां येते, ती हलकी कशी? १८९० सालीं नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें मुंबईच्या न्हावी बांधवांनीं विधवांचें केशवपन करणार नाहीं म्हणून संप केला. हत्यार कोठें चालवावें आणि कोठें ठेवावें, हें ठरविण्याचा हक्क कारागिराचा आहे, हें त्यांनीं जगास दाखविलें.

तेव्हां मुलांमुलींना ही पारख शिकवा. मग तीं हा धंदा करोत वा न करोत. पण जातीनें लादला म्हणून करूं नयेत, आणि हलका म्हणून लाजूंही नयेत.