मुदतवाढ : सवलत नव्हे, जबाबदारी



भारतात वित्तीय वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असे मानण्याची प्रथा १८६७ पासून चालत आली आहे. विधिमंडळ निधीस मंजुरी देते ती या वर्षापुरती. वर्ष संपले की अखर्चित रक्कम व्यपगत होते. या नियमामागे मोठे तत्त्व आहे. जनतेचा पैसा कोणत्या कामावर व किती खर्च व्हावा, हे दरवर्षी लोकप्रतिनिधींनी ठरवावे, ही लोकशाहीची रीत होय. त्यामुळे मुदतवाढ हा कोणाचा हक्क ठरू शकत नाही.

परंतु नाट्यगृहे, ग्रंथालये, वस्तुसंग्रहालये यांसारख्या जुन्या वास्तूंच्या नूतनीकरणाचे वेळापत्रक निराळे असते. अर्थसंकल्प मार्चमध्ये मंजूर होतो. त्यानंतर निधीचे वितरण, अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मंजुरी व निविदा असे टप्पे ओलांडेपर्यंत पावसाळा उजाडतो. पावसात जुन्या इमारतीचे छत उघडता येत नाही. दसरा-दिवाळीनंतर काम सुरू झाले, तर हाती जेमतेम पाच महिने उरतात. चुन्याचा गिलावा हवेतील कर्बवायू शोषून सावकाश घट्ट होतो. लाकूड वाळल्यावाचून वापरता येत नाही. मार्च जवळ आला म्हणून या गोष्टी वेग घेत नाहीत.

कोल्हापूरचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेले व १९१५ मध्ये ‘पॅलेस थिएटर’ या नावाने खुले झालेले नाट्यगृह पुढे संगीतसूर्य केशवराव भोसले यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येस, ते आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. अशी वास्तू पुन्हा उभी करताना उरलेल्या भिंतींचे बळ तपासणे, जुनी छायाचित्रे व आराखडे गोळा करणे, रंगकर्मींशी विचारविनिमय करणे, अग्निसुरक्षेची व्यवस्था नव्याने आखणे ही कामे वीट रचण्यापूर्वीच करावी लागतात. या काळात खर्च थोडा दिसतो. काम मात्र अत्यंत मोलाचे झालेले असते.

निधी परत जाईल या धास्तीने केलेली घाई कोणते अनर्थ करते? चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा थर चढतो, आत ओल कोंडते आणि काही वर्षांत भिंत फुगते. सागवानी खांब झाकून त्यावर चकचकीत पत्रे बसतात. मोजमाप पुस्तिकेत काम पूर्ण होते. वास्तू मात्र कायमची हरवते. वर्षअखेरीस खर्चाची गर्दी करणे हा वित्तीय औचित्याचा भंग होय, असे केंद्र शासनाच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतील नियम ६२ मध्ये म्हटले आहे, ते योग्यच आहे.

मात्र दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. एका सभागृहासाठी अडकून पडलेला निधी एखाद्या शाळेच्या वर्गखोलीस मिळू शकला असता. केवळ आळसामुळे, गटबाजीमुळे किंवा ठेकेदाराच्या सोयीसाठी मुदत वाढवून घेणे हा गावावरच अन्याय आहे.

म्हणून प्रस्ताव पाठविताना चार प्रश्नांची उत्तरे स्पष्ट असावीत. विलंब कशामुळे झाला? आजवर कोणते काम झाले व त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र तयार आहे काय? उर्वरित काम कोणत्या महिन्यात कोठवर जाईल? त्यास जबाबदार अधिकारी कोण? खर्च वाढणार असेल, तर सुधारित प्रशासकीय मान्यतेचा प्रस्ताव वेळीच जावा. वर्षात खर्च होणार नाही असे दिसताच ती रक्कम प्रत्यार्पित करून पुढील वर्षाच्या अंदाजात तरतूद मागावी. मार्चच्या शेवटच्या आठवड्याची वाट पाहू नये. रक्कम काढून बँकेत ठेवणे म्हणजे ती खर्च करणे नव्हे, हेही ध्यानात असावे.

जिल्हा परिषदेस जिल्हा वार्षिक योजनेतून मिळालेला निधी त्या वर्षी व त्यापुढील वर्षात खर्च करण्याची मुभा असते. पंचायत सदस्यांनी या दुसऱ्या वर्षाकडे विश्रांतीचा काळ म्हणून पाहू नये. पहिला पावसाळा नकाशे, पाहणी व निविदा यांत घालवावा, म्हणजे पाऊस ओसरताच गवंडी कामाला लागतील. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकरवी वास्तूची छायाचित्रे, रेखाटने व वृद्धांच्या आठवणी नोंदवून ठेवल्यास दुरुस्तीच्या वेळी त्या उपयोगी पडतील. कामाचा तपशील, मंजूर रक्कम व पूर्ततेची तारीख दर्शविणारा फलक इमारतीसमोर लावावा. मुदत वाढल्यास नवी तारीख व तिचे कारणही त्यावर लिहावे.

ज्या मुदतवाढीचे कारण ग्रामसभेत उभे राहून सांगता येते, तीच मागण्यास योग्य होय.