चिरंजीवीचा हिशेब

सरकारी रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञाची जागा रिकामी आणि पलीकडच्या रस्त्यावर खासगी प्रसूतिगृह मात्र चालू, हे चित्र पाहून गुजरात सरकारने डिसेंबर 2005 मध्ये दाहोद, कच्छसह पाच जिल्ह्यांत ‘चिरंजीवी योजना’ आणली. दारिद्र्यरेषेखालच्या बाईचं बाळंतपण खासगी डॉक्टरने मोफत करायचं आणि सरकारने शंभर बाळंतपणांमागे 1,79,500 रुपये मोजायचे, असं तेव्हा ठरलं. साधं असो वा सिझेरियन, दर तोच. म्हणजे विनाकारण सिझेरियन करण्याचा मोह उरत नाही. त्यातच बाईच्या येण्याजाण्याचे 200 रुपये आणि सोबत येणाऱ्या दाईचे 50 रुपयेही धरलेले!

त्यापेक्षा सरकारी दवाखानेच सुधारा, हा आक्षेप रास्त. पण कळा सुरू झालेली बाई नोकरभरतीची वाट पाहत नाही. दुसरा आक्षेप जड आहे. दर एकच, मग गुंतागुंतीची केस डॉक्टर दुसरीकडे पाठवू शकतो. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात 2014 मध्ये आलेल्या अभ्यासाला या योजनेमुळे दवाखान्यातली बाळंतपणं ठळकपणे वाढलेली दिसली नाहीत. म्हणून सरकार आणि खासगी डॉक्टरांची भागीदारी टाकाऊ ठरते असं नव्हे, पण खासगी डॉक्टर शहराकडेच बसतात. जिथे तेही नाहीत, तिथे करार कोणाशी करणार? तिथे सरकारी डॉक्टरच हवा.