विद्यापीठाची निवड आणि संशोधनाची पूर्वतयारी

(महाबळेश्वर येथील विद्यार्थी शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पदव्युत्तर परीक्षा उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालेल्या मुलामुलींच्या घरी आज एक नवा प्रश्न उभा राहतो. पूर्वी मुलाने पेढी सांभाळावी की नोकरी करावी, एवढाच विचार होत असे. आता पीएच.डी. पुण्यात करावी, मुंबईत करावी की परदेशात, याची चर्चा होते. त्या चर्चेत विद्यापीठाचे नाव येते, खर्च येतो, तेथे कोणी नातेवाईक आहेत का हेही येते. मात्र जो प्रश्न सर्वांत आधी विचारावयास हवा तो बहुधा राहून जातो. शोध कशाचा घ्यावयाचा आहे, आणि त्या शोधाचे साहित्य व जाणकार कोठे आहेत, हा तो प्रश्न होय. त्याचे उत्तर मिळाले की विद्यापीठाची निवड पुष्कळशी आपोआप होते. ते न शोधता केवळ नावावर भुलून घेतलेला प्रवेश म्हणजे तारुण्यातील चार-पाच वर्षे पणाला लावणे होय.

याचे एक उदाहरण महाबळेश्वरातच आहे. येथे महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे गहू गेरवा संशोधन केंद्र आहे. हा प्रदेश काही गव्हाचे कोठार नव्हे. परंतु येथील थंड व दमट हवेत गेरवा, म्हणजेच तांबेरा, हा रोग जोमाने वाढतो. म्हणून गव्हाचे कोणते वाण त्याला तोंड देऊ शकते, याची पारख येथे करता येते. संशोधनाचा विषय जेथे आहे तेथे संशोधकाने जावे, एवढाच याचा अर्थ.

आता थोर पुरुषांच्या चरित्राकडे वळू. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव सातारच्या सरकारी हायस्कुलात ७ नोव्हेंबर १९०० रोजी दाखल झाले. पुढे मुंबई विद्यापीठाची पदवी घेतल्यावर बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची आणि तीन वर्षांची होती. त्यांचा विषय अर्थशास्त्र, त्यातही सरकारी वित्तव्यवस्था. आणि त्या शास्त्राचे नामांकित अध्यापक सेलिग्मन कोलंबियातच शिकवीत होते. १९१६ मध्ये बाबासाहेब लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. हिंदुस्थानच्या कारभाराची कागदपत्रे आणि अहवाल तेव्हा लंडनच्या ग्रंथालयांत होते. म्हणजे आधी गुरू आणि नंतर साहित्य, असा त्यांचा प्रवास झाला.

या प्रवासात पैशाने मध्येच साथ सोडली. शिष्यवृत्तीला मुदतवाढ मिळाली होती, तरी १९१७ मध्ये ती संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून साठविलेली रक्कम, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली. तत्पूर्वी परीक्षकांच्या आक्षेपांमुळे तो प्रबंध त्यांना सुधारून द्यावा लागला होता. ग्रंथाला प्रस्तावना लिहिताना त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांनी आपले मतभेद स्पष्ट नोंदविले आणि विवेचनाच्या ताजेपणाचे कौतुकही केले. मतभेद सहन करणारा मार्गदर्शक लाभणे ही संशोधकाची मोठी मिळकत होय. कोलंबियाची पीएच.डी. तर प्रबंध ग्रंथरूपाने छापून सादर झाल्यावर, १९२७ मध्ये, हाती आली.

याच्या अगदी उलट वाटणारे दुसरे चरित्र समाजाला अधिक जवळचे आहे. डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये यांचा जन्म १९०६ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील सदलगा येथे झाला. १९३० मध्ये मुंबई विद्यापीठाची एम.ए. पदवी घेऊन ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अर्धमागधीचे अध्यापक झाले. प्राकृत आणि जैन वाङ्मय हा त्यांचा विषय. त्याची हस्तलिखिते दक्षिणेतील मठांत आणि शास्त्रभांडारांत होती. कोल्हापुरातच लक्ष्मीसेन भट्टारकांचा मठ होता. नोकरी सांभाळून, पोथ्या ताडून पाहत त्यांनी काम केले. आचार्य कुंदकुंदांच्या ‘प्रवचनसारा’ची विस्तृत इंग्रजी प्रस्तावनेसह सिद्ध केलेली आवृत्ती १९३५ मध्ये निघाली आणि १९३९ मध्ये मुंबई विद्यापीठाने त्यांना डी.लिट. दिली. कोल्हापुरात राहून केलेले हे काम जगभरच्या विद्वानांनी आदराने वाचले.

एकाने समुद्र ओलांडला, दुसऱ्याने कृष्णा-पंचगंगेच्या परिसरात राहूनच हे काम केले. दोघांचा निर्णय मात्र एकाच कसोटीवर उतरतो. म्हणून परदेश म्हणजे मोठेपणा आणि जवळचे विद्यापीठ म्हणजे तडजोड, हा समज सोडला पाहिजे. कास पठारावरील वनस्पतींचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या मुलीने कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ केवळ जवळचे म्हणून नाकारू नये. आणि ज्या विषयाची प्रयोगशाळा वा तज्ज्ञ येथे नाहीत, त्या विषयासाठी बाहेर जाणाऱ्या मुलाला घरच्यांनी अडवू नये.

निवडीपूर्वी काही गोष्टी अवश्य कराव्यात. आपला प्रश्न एका पानात, साध्या भाषेत लिहून काढावा. तो लिहिता येत नसेल तर अर्ज करण्याची वेळ आलेली नाही, असे समजावे. ज्यांच्याकडे काम करावयाचे त्या प्राध्यापकांचे अलीकडील लेख आणि त्यांच्या विद्यार्थ्यांचे किमान दोन प्रबंध वाचावेत. त्यांच्या आजी-माजी विद्यार्थ्यांना भेटून, किती जणांचे काम पूर्ण झाले आणि किती वर्षांत, हे विचारावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीनुसार प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार पीएच.डी. विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी अवधी उरलेल्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. तेव्हा जागा आहे का, हे आधीच पाहावे. अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत आर्थिक साहाय्यासह आलेल्या प्रवेशाला उत्तर देण्यास १५ एप्रिलपर्यंत अवधी असतो; तो पूर्ण वापरावा, घाईने होकार कळवू नये. विषयाला लागणारी भाषा, लिपी वा संख्याशास्त्र प्रवेशापूर्वीच शिकण्यास आरंभ करावा. मोडी न वाचता पेशवे दप्तरात शिरणाऱ्याचे पहिले वर्ष वायाच जाते.

मुलींच्या पालकांना एक गोष्ट आवर्जून सांगावयास हवी. त्याच नियमावलीनुसार पीएच.डी.ची मुदत किमान तीन व कमाल सहा वर्षे असून स्त्रियांना दोन वर्षांची अधिक सवलत आहे, आणि २४० दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजाही आहे. विवाह ठरला म्हणून संशोधन सोडावे लागते, असे नाही. ही अट विवाह ठरवितानाच दोन्ही घरांनी बोलून घ्यावी. लग्नानंतर ती मुलीने एकटीने मांडणे कठीण जाते.

शेवटी समाजातील दानशूरांसाठी एक विनंती. प्रवेश मिळाला की सत्कार होतो, मदतही मिळते. खरी अडचण त्याच्या आधी आणि नंतर येते. आधी परीक्षांचे शुल्क, अर्ज, प्रवास यांचा खर्च असतो. नंतर शिष्यवृत्ती संपते, पण प्रबंध अपुरा असतो. बाबासाहेबांसारख्या बुद्धिमंतालाही याच वळणावर तीन वर्षे थांबावे लागले. आज कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळविणाऱ्याला आरंभी दरमहा ३७,००० रुपये मिळतात. पण ती सर्वांना मिळत नाही, आणि मिळाली तरी तिची एकूण मुदत पाच वर्षांची असते. शेवटच्या एका वर्षाचा चरितार्थ चालेल एवढा निधी एखाद्या न्यासाने बाजूला ठेवला, तर अर्ध्यावर राहणारे कितीतरी प्रबंध पुरे होतील. ज्ञानदान श्रेष्ठ मानणाऱ्या समाजाला हे कार्य जड नाही.

विद्यार्थ्यांनी आपला प्रश्न शोधावा, पालकांनी त्यांना वेळ द्यावा आणि समाजाने शेवटचे वर्ष सांभाळावे, एवढीच अपेक्षा.

जय जिनेंद्र.