एकेरी मार्ग आणि संगणकाची भाषा

साताऱ्याहून सांगलीकडे येणारा लोहमार्ग दीर्घकाल एकेरी होता, हें श्रोत्यांपैकीं अनेकांस आठवत असेल. रूळ एकच आणि गाड्या दोन्ही बाजूंच्या. तेव्हां कऱ्हाड व शेणोली यांच्या दरम्यान एका वेळीं एकच गाडी असावयास पाहिजे, हें उघड आहे. आपल्या देशांतील अशा मार्गांवर त्याकरितां टोकनाची योजना असे. दोन स्टेशनांतील यंत्रें तारेनें जोडलेलीं. एकांतून धातूचा गोळा बाहेर निघाला, कीं तो परत यंत्रांत पडेपर्यंत दोहोंपैकीं कोठूनही दुसरा निघत नसे. गोळा हातीं आल्यावांचून ड्रायव्हरनें गाडी हलवावयाची नाहीं. स्टेशनमास्तर पेंगत असला तरी त्याच्या हातून चूक होऊं नये, अशी ही रचना.

संगणकांतही एकाच वेळीं अनेक कामें चालतात, आणि तीं एकाच माहितीवर येऊन आदळतात. सांगलीच्या पेढीवरील एखाद्या खात्यांत १०० रुपये आहेत. दोघां कारकुनांनीं ती शिल्लक एकदमच वाचून प्रत्येकीं ६० रुपये दिले, तर १२० रुपये जातात आणि वहींत मात्र ४० उरलेले दिसतात.

पैशाचें नुकसान भरून तरी येतें. १९८५ ते १९८७ या काळांत अमेरिका व कॅनडा येथें थेरॅक-२५ या किरणोपचाराच्या यंत्रानें सहा रुग्णांस भयंकर मात्रा दिली. त्यांतील कांहीं दगावले. आधीच्या नमुन्यांत चूक अडविणारी स्वतंत्र यांत्रिक व्यवस्था होती. ती काढून सारा भार आज्ञावलीवर टाकला होता, आणि कांहीं अपघातांत त्या आज्ञावलींतील दोन कामें एकमेकांच्या आड आलीं. जणूं टोकनाचें यंत्र उचलून न्यावें आणि मास्तरांस 'सांभाळून असा' एवढें सांगावें!

माहिती व तिच्यावरील क्रिया एकत्र बांधून 'वस्तु' करावी, ही कल्पना नॉर्वेतील सिम्युला भाषेनें १९६७ सालीं पुढें आणली. वस्तूस दार असतें, म्हणून दारावर पहारा बसवितां येतो. डॅनिश पंडित पेर ब्रिंच हॅन्सन यांनीं १९७५ च्या 'कॉन्करंट पास्कल'मध्यें तो बसविला: आंत एका वेळीं एकच, आणि नियम मोडणारी आज्ञावली कंपायलरच नाकारी. १९९५ सालीं आलेल्या जावानें हा पहारा ऐच्छिक केला. 'सिंक्रोनाइझ्ड' हा शब्द लिहावयाचा राहिला तरी कंपायलर हूं कीं चूं करीत नाहीं. हॅन्सन यांनीं १९९९ सालीं त्यावर कठोर टीका केली, ती योग्यच होती.

पोनी ही अलीकडील भाषा टोकनाच्या अधिक जवळ जाते. बदलतां येणारी वस्तु एका कामानें दुसऱ्याच्या हवालीं करावयाची, तर देणाऱ्यानें तिच्यावरील आपला हक्क सोडलाच पाहिजे. न सोडल्यास आज्ञावली तयारच होत नाहीं. नवशिक्यास हा जाच वाटतो, कारण निरुपद्रवी दिसणारी ओळही परत येते. गोळ्याची वाट पाहत कऱ्हाडला खोळंबलेल्या उतारूंसही तो उशीर कांहीं गोड वाटत नसे.